युद्धमंत्री व्हायचं राहून गेलं : मुस्तफा कमाल पाशांची एक तार

मुस्तफा कमाल पाशांचं नाव निघालं की आमच्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो गाझी, दुसरा म्हणतो खिलाफत बुडवणारा. आमचे दादामियाँ दोन्ही म्हणायचे, त्या त्या दिवशीच्या मूडप्रमाणे. त्यांचे वालिद खिलाफत चळवळीच्या काळात गल्लोगल्ली वर्गणी गोळा करत फिरले होते, आणि मोहल्ल्यातल्या बायांनी कानातलं काढून दिलं होतं असं ते सांगायचे. त्याच काळात जन्मलेल्या एका चुलत्याचं नाव मुस्तफा कमाल ठेवलं होतं. १९२४ नंतर ते नाव बदलायचं की नाही यावरही म्हणे बैठक झाली. नाव राहिलं.

आज त्या वादात आम्हाला शिरायचं नाही. शाळेत शिकवताना हा माणूस एकदम १९ मे १९१९ ला सामसूनच्या किनाऱ्यावर उतरतो आणि तिथून पुढे सगळं विजयाचं सांगितलं जातं. पण त्याच्या आधीचे सात महिने? त्या महिन्यांत हाच पाशा मंत्रिपदासाठी मित्रांमार्फत शब्द टाकत होता, राजवाड्यात निरोप पाठवत होता, संसदेच्या आवारात खासदारांना गाठत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर वशिला लावत होता. आणि तो वशिला काही लागला नाही. ही गोष्ट आम्हाला जास्त विचार करायला लावते, म्हणून ती सांगतो.

थोडं मागचं. १८८१ मध्ये सलानिक शहरात जन्म. आज ते ग्रीसमध्ये आहे. वालिद अली रझा एफेंदी कस्टमच्या खात्यात होते, नंतर लाकडाच्या धंद्यात पडले, त्यात बसले आणि मुलगा सात-आठ वर्षांचा असतानाच वारले. आई झुबैदा हानिम. मुस्तफा लष्करी शाळेत गेला. तिथल्या गणिताच्या शिक्षकाचं नावही मुस्तफाच होतं, त्यांनी ओळखायला सोपं जावं म्हणून त्याला कमाल हे दुसरं नाव दिलं असं सांगतात. (आम्ही शिक्षक लोक पोरांना ठेवतो ती नावं सहसा इतकी टिकत नाहीत!) पुढे मोनास्तीरची लष्करी शाळा, मग इस्तंबूलची युद्धशाळा, आणि १९०५ ला स्टाफ कॉलेजमधून कॅप्टन होऊन बाहेर. या शाळांमध्ये जे दोस्त मिळाले ते जन्माचे. अली फुआद एक. फतही दुसरे. हे दोन्ही लक्षात ठेवा.

१९०८ मध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली. कमालही त्या संघटनेत होते, पण नाव झालं अन्वरचं. दोघे एकाच वर्षी जन्मलेले. जानेवारी १९१४ मध्ये अन्वर युद्धमंत्री झाले, पाशा झाले, त्याच वर्षी सुलतानाच्या घराण्यातली शहजादी त्यांच्या निकाहात आली. कमाल त्या वेळी बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे लष्करी प्रतिनिधी होते. तिथे राजदूत होते त्यांचेच मित्र फतही. म्हणजे दोघांनाही राजधानीपासून लांब ठेवलेलं. लेफ्टनंट कर्नल कमाल विदेशी शहरात मेजवान्या झोडत होते आणि त्यांच्याच वयाचा माणूस सगळं लष्कर चालवत होता. ही ठसठस कधी गेली नाही. ज्याला नोकरीत आपल्या बॅचचा माणूस साहेब होऊन बसलेला पाहावा लागला, त्याला हे वेगळं समजवायला नको.

१९१५ च्या गलीपोलीबद्दल वाचकांना ठाऊक आहेच. अरिबुर्नू आणि अनाफर्ता इथे त्यांनी जे केलं, त्याने इस्तंबूल वाचलं. तिथून बाहेर पडताना ते कर्नल होते, १९१६ ला पूर्वेच्या आघाडीवर पाशा झाले, ऑगस्टमध्ये मुश आणि बितलिस रशियनांकडून परत घेतलं. १९१७ मध्ये सातव्या सैन्याची सूत्रं मिळाली पण वर जर्मन जनरल फाल्कनहाइन. त्यांच्याशी पटलं नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी सरकारला एक लांबलचक अहवाल पाठवला : राज्य आतून पोखरलंय, लोक उपाशी आहेत, सैन्य जर्मनांच्या हाती देऊ नका. उत्तर समाधानकारक आलं नाही, तेव्हा पद सोडून दिलं. इस्तंबूलला परतायला हातात पैसे नव्हते म्हणून हलबमध्ये आपले घोडे विकायला काढले, ते जमाल पाशांनी विकत घेतले आणि पुढे जास्त किमतीला विकून वरचे पैसे कमाल यांना पाठवून दिले. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलंय.

आता खरी गोष्ट सुरू होते.

डिसेंबर १९१७ मध्ये वलीअहद वहीदुद्दीन जर्मनीच्या दौऱ्यावर निघाले. सोबत मुस्तफा कमाल पाशांना दिलं. त्याच गाडीत नाजी नावाचे अधिकारीही होते, कमाल यांचे लष्करी शाळेतले जुने शिक्षक. वहीदुद्दीन डोळे मिटून बसायचे, कमी बोलायचे. पाशांनी मात्र या प्रवासात संधी पाहिली. त्यांनी वलीअहदांना सुचवलं की तुम्ही एखाद्या सैन्याची कमान मागून घ्या, मला तुमचा चीफ ऑफ स्टाफ करा. वलीअहदांनी ते परतल्यावर पाहू म्हणून टाळलं.

जुलै १९१८ मध्ये सुलतान रशाद यांचा इंतकाल झाला आणि वहीदुद्दीन तख्तावर आले. कमाल पाशा त्या वेळी किडनीच्या आजारासाठी कार्ल्सबादला उपचार घेत होते. परत आले, दरबारात हजर झाले आणि तीच मागणी मोठी करून मांडली : सरसेनापतीपद सुलतानांनी स्वतःच्या हाती घ्यावं, आणि प्रत्यक्ष काम आपल्याकडे द्यावं. म्हणजे अन्वरला बाजूला सारा, हे उघड होतं. सुलतानांनी आपलं अन्वर आणि तलअत पाशांशी बोलणं झालंय असं सांगून विषय मिटवला. थोड्याच दिवसांत एका शुक्रवारी नमाजनंतर, जर्मन अधिकाऱ्यांच्या देखत सुलतानांनी त्यांचं कौतुक केलं आणि त्यांना पॅलेस्टाइनच्या आघाडीवर रवाना केलं. बाहेर अन्वर पाशा भेटले. सूड कसा घ्यावा हे अन्वरला कळतं, एवढं कमाल यांनी मनात नोंदवलं.

पॅलेस्टाइनमध्ये काय होतं? कागदावर सैन्य. १९ सप्टेंबर १९१८ ला जनरल अॅलनबीचा हल्ला आला आणि काही दिवसांत सगळी आघाडी कोसळली. कमाल उरलेसुरले सैनिक घेऊन जॉर्डन ओलांडून दमिश्क आणि तिथून हलबपर्यंत मागे आले. तिकडे बल्गेरियाने शस्त्रं खाली ठेवली, तलअत पाशांचं मंत्रिमंडळ पडलं. नवं कोण बनवणार? तौफीक पाशांना जमेना.

याच दिवसांत, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, हलबहून एक तार निघाली. ती सरकारला नव्हती, लष्करी मुख्यालयालाही नव्हती. ती गेली नाजींना. तेच जुने उस्ताद, जर्मनीच्या गाडीतले सोबती, आता सुलतानांच्या खास तैनातीत होते. मजकूर असा होता की आघाडीत आता दम उरलेला नाही, जमलं तर मित्रदेशांसह आणि नाहीतर एकट्याने पण तह तातडीने केला पाहिजे, आणि अहमद इज्जत पाशांना पंतप्रधान करावं. पुढे मंत्र्यांची यादीच होती. फतही, तहसीन, रऊफ, इस्माईल जानबोलात, आझमी, शेखुल इस्लाम म्हणून खैरी एफेंदी. आणि शेवटी स्वतःचं नाव. खातं कुठलं मनात होतं यात शंका ठेवली नव्हती : युद्धमंत्रालय, अन्वर बसले होते ती खुर्ची.

जरा थांबून विचार करा. आघाडीवर सैन्य मागे हटतंय, माणसं मरतायत, आणि कमांडर राजवाड्यातल्या ओळखीच्या माणसाला तार करतोय की मला मंत्री करा. आमच्यासारख्याला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चांगलं वाटलं नाही. पण त्याच तारेतला पहिला भाग बघा. युद्ध हरलंय, लगेच तह करा, हे सांगायची हिंमत त्या वेळी किती जणांत होती? पाशांचा हिशोब सरळ होता : तह झाल्यावर सैन्य मोडायचं काम ज्याच्या हाती येईल, त्याच्याच हाती ते वाचवायचंही येईल. देशाची काळजी आणि खुर्चीची ओढ त्यांच्यात अशी एकात एक मिसळलेली होती की वेगळी काढता येत नाही. त्यांना तरी काढता आली असेल का, कोण जाणे.

१४ ऑक्टोबरला मंत्रिमंडळ बनलं. इज्जत पाशा पंतप्रधान झाले. फतही गृहमंत्री, रऊफ आरमार मंत्री, खैरी एफेंदीही आत. यादीतले कितीतरी जण बसले. यादी पाठवणारा तेवढा राहिला! युद्धखातं इज्जत पाशांनी स्वतःकडेच ठेवलं. हलबला निरोप आला तो गोड होता. आघाडीवर तुमची गरज आहे, तह झाल्यावर इन्शाअल्लाह सोबत काम करू. आपल्याकडे असल्या इन्शाअल्लाहचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

३० ऑक्टोबरला मुद्रोस बंदरात इंग्रजांच्या युद्धनौकेवर शस्त्रसंधी झाली. तुर्कांकडून सही केली रऊफ यांनी. दुसऱ्या दिवशी अदाना इथे कमाल पाशांनी जर्मन सेनापती लीमान फॉन सांडर्सकडून दक्षिणेच्या सगळ्या फौजांची सूत्रं घेतली. सूत्रं हातात आली ती मोडायच्या मुहूर्तावर. इस्कंदरून बंदरावरून त्यांची आणि इज्जत पाशांची तारांवर तारांची खडाजंगी झाली. आठवडाभरात तो सैन्यगटच बरखास्त झाला, आणि लगोलग इज्जत पाशांनीही राजीनामा दिला.

१३ नोव्हेंबर १९१८. कमाल पाशांची गाडी हैदरपाशा स्टेशनात शिरली आणि त्याच दिवशी दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका बोस्फरसमध्ये शिरल्या. आई आणि बहीण शहरातच भाड्याच्या घरात होत्या, सलानिक १९१२ ला गेलं तेव्हाच निर्वासित होऊन आलेल्या. पाशा आधी पेरा पॅलेस हॉटेलात उतरले आणि नंतर शिशली भागात घर भाड्याने घेतलं.

आल्या आल्या त्यांनी इज्जत पाशांना गाठलं. राजीनामा देणं चूक होती, परत या, असं पटवलं. बेत असा ठरला की नवे पंतप्रधान तौफीक पाशा यांना संसदेत विश्वासमत मिळू द्यायचं नाही, म्हणजे इज्जत पुन्हा येतील आणि त्यांच्यासोबत युद्धमंत्री म्हणून कमाल. फतहींनी खासदारांत बोलणी सुरू केली. पाशा वर्दी उतरवून साध्या कपड्यात फिंदिकलीच्या संसद भवनात गेले, गटागटाने खासदारांना भेटले, समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मतदान झालं आणि तौफीक पाशा आरामात जिंकले.

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या निवडणुकीत हुबेहूब असंच झालेलं आम्ही पाहिलंय, पण ते असो.

त्याच संध्याकाळी पाशांनी राजवाड्यात फोन लावून सुलतानांची भेट मागितली. भेट मिळाली शुक्रवारी. सुलतानांनी बोलू दिलं कमी आणि विचारलं एकच : लष्करातले अधिकारी माझ्याविरुद्ध काही करणार नाहीत ना? महिनाभरात, २१ डिसेंबरला, संसदच बरखास्त झाली. हा दरवाजाही बंद.

या काळात फतही आणि कमाल यांनी मिळून मिंबर नावाचं वर्तमानपत्रही चालवलं. त्यात कमाल पाशांची तारीफ भरपूर यायची. जेमतेम पन्नास दिवस चाललं. मग फतहींना अटक झाली. पाशा त्यांना तुरुंगात भेटायला गेले. यादीतला मित्र आत आणि आपण बाहेर, पण बाहेर तरी किती दिवस?

मार्च १९१९ मध्ये सुलतानांचे मेव्हणे दामाद फरीद पाशा पंतप्रधान झाले. त्यांच्याकडे मुस्तफा कमालसाठी कोण शब्द टाकणार? इथे अली फुआद कामी आले. त्यांच्या घरच्या सोयरिकीतले मेहमद अली बे नव्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. अली फुआद यांच्या वालिदांच्या घरी ओळख झाली. मेहमद अलींनी पुढे त्यांना दामाद फरीद पाशांपर्यंत पोहोचवलं. जेवणं झाली. फरीद पाशांना माणूस बरा वाटला.

तेवढ्यात इंग्रजांनी तक्रार केली : सामसून भागात ग्रीक आणि तुर्क गावांमध्ये मारामाऱ्या चालू आहेत, बंदोबस्त करा नाहीतर आम्ही करतो. सरकारला तिकडे पाठवायला नाव असलेला एक पाशा हवा होता. मंत्रिपद मागणाऱ्या या माणसाला राजधानीपासून लांब धाडायलाही ते बरंच होतं. ३० एप्रिल १९१९ ला हुकूम निघाला : मुस्तफा कमाल पाशा, नवव्या सैन्याचे इन्स्पेक्टर.

पद ऐकायला किरकोळ. मात्र अधिकारपत्रक कोणी लिहिलं ते बघण्यासारखं आहे. लष्करी मुख्यालयातले काझिम बे पाशांचे स्नेही. दोघांनी बसून त्यात असं काही घातलं की पूर्वेच्या फौजांना थेट हुकूम देता यावेत, आजूबाजूच्या फौजांनीही त्यांचं ऐकावं, आणि मुलकी गव्हर्नरांनासुद्धा सूचना देता याव्यात. युद्धमंत्री शाकिर पाशांना वाचून अवघडल्यासारखं झालं. सही करायचं टाळून त्यांनी नुसता शिक्का देऊन टाकला. कमाल यांनी हे पुढे मोठ्या खुशीत सांगितलंय. सात महिने मोठ्या माणसांकडे मोठी खुर्ची मागून जे मिळालं नाही, ते एका कारकुनी कागदातून मिळालं.

१५ मे ला ग्रीक सैन्य इजमिरला उतरलं. १६ ला पाशा बंदिर्मा नावाच्या जुनाट बोटीने निघाले. त्याआधी राजवाड्यात सुलतानांची शेवटची भेट झाली, त्यांनी एक घड्याळ दिलं आणि राज्य वाचवायची उमेद त्यांच्याकडून बाळगली, असं पाशा स्वतः सांगतात. सुलतानांच्या मनात त्या वेळी नेमकं काय होतं यावर तुर्कस्तानात अजून भांडणं होतात.

पुढचं थोडक्यात. जूनमध्ये अमास्याहून त्यांनी जाहीरनामा काढला, इस्तंबूलने परत बोलावलं, ते गेले नाहीत. ८ जुलैच्या रात्री एर्झुरूमला एकाच वेळी तिकडून बडतर्फी आली आणि इकडून राजीनामा गेला. वर्दी गेली. त्यांच्याच कार्यालयातल्या एका कर्नलने लगेच विचारलं की हातातले कागद आता कुणाकडे सोपवू? पाशांचा चेहरा उतरला म्हणतात. काही वेळाने तिथल्या फौजेचे कमांडर काझिम कराबकर आले.  कराबकरांनी सलाम ठोकला आणि आपली फौज पूर्वीसारखीच त्यांच्या हुकमात असल्याचं सांगितलं. या क्षणी ना पद होतं ना शिफारस. जे होतं ते दोस्तांचं इमान.

डिसेंबर १९२० मध्ये एक मुलाखत झाली बिलेजिक स्टेशनात. इस्तंबूल सरकारचं शिष्टमंडळ समेटासाठी आलं होतं, त्यात इज्जत पाशा. तेच, ज्यांनी गोड निरोप पाठवून युद्धखातं स्वतःकडे ठेवलं होतं. कमाल यांनी आपली ओळख अंकाराच्या सरकारचा प्रमुख म्हणून करून दिली आणि समोरच्यांनाही त्यांची ओळख विचारली. मंत्री आहोत म्हटल्यावर, इस्तंबूलमध्ये कुठलं सरकार आहे हेच आपल्याला मान्य नाही असं सांगितलं आणि सगळ्यांना गाडीत बसवून अंकाराला नेलं. मार्चपर्यंत ते तिथेच, पाहुणे म्हणून.

सक्कारिया, इजमिर, सल्तनतीचा शेवट, १९२३ चं प्रजासत्ताक, हे वाचकांना ठाऊक आहे. मुंबईत सेठ छोटानी अध्यक्ष असलेल्या खिलाफत कमिटीने गोळा केलेला पैसा अंकाराला जात होता आणि ३ मार्च १९२४ ला खिलाफतच रद्द झाली. त्या पैशातला शिल्लक भाग त्याच वर्षी निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात गेला. आमच्या मोहल्ल्यातलं ते कानातलं त्यात होतं की नाही, अल्लाह जाणे.

दोस्तांचं काय झालं? रऊफ, अली फुआद आणि कराबकर यांनी १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये वेगळा पक्ष काढला. सात महिन्यांत तो बंद करण्यात आला. १९२६ मध्ये इजमिरला राष्ट्राध्यक्षांच्या खुनाचा कट उघड झाला, खटला चालला. कराबकर आणि अली फुआद आरोपी म्हणून उभे राहिले, सुटले. रऊफ परदेशात होते, त्यांना गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा झाली. इस्माईल जानबोलात फाशी गेले. हलबच्या तारेत ज्याचं नाव मंत्री म्हणून लिहिलं होतं, तो माणूस.

त्याच १९२६ मध्ये कमाल पाशांनी वर्तमानपत्रासाठी आपल्या आठवणी सांगितल्या, त्यात मंत्रिपदाच्या त्या खटपटीची हकीकत आहे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी पक्षाच्या अधिवेशनात सहा दिवस भाषण केलं. नुतुक म्हणून ते तुर्की शाळांमधून शिकवलं जातं. ते सुरू होतं १९ मे १९१९ ला, सामसूनच्या किनाऱ्यावर. नाजींना केलेल्या तारेच्या सात महिन्यांनंतर. नाजी त्या वेळी हयात होते. पुढे ते प्रजासत्ताकाच्या संसदेत खासदार झाले.